विलापाची ओळ

पुण्याच्या पेठांमध्ये कलावंताच्या कारकिर्दीचा निकाल बहुतेक वेळा दोनच वाक्यांत लावला जातो. एक, ‘आता पूर्वीचं राहिलं नाही.’ दुसरं, काही वर्षांनी आणि समाधानानं म्हटलेलं, ‘परत पूर्वीसारखं जमायला लागलंय.’ नारायण पेठेला लागून असलेल्या रमणबागेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सव भरायचा तेव्हा मांडवात जी वाक्यं म्हटली गेली, तीच मेटल संगीताच्या श्रोत्यांमध्येही जगभर म्हटली जातात. इंग्लंडमधल्या पॅराडाइज लॉस्ट या बँडच्या वाट्याला ती जितकी आली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली असतील. १९८८ मध्ये सुरू झालेला हा बँड, १९९० ते २०२५ या काळात त्याचे सतरा अल्बम, आणि त्या सतरांविषयी सर्वत्र सांगितली जाणारी एकच गोष्ट: आधी चढण, १९९५ मध्ये शिखर, मग १९९९ मध्ये दरीत कोसळणं, आणि नंतर हळूहळू, पश्चात्तापानं, मूळ घरी परतणं. ही गोष्ट ऐकायला नीटस आहे, पण ती चुकीच्या मापानं मोजलेली आहे. आवाज किती जड आणि लय किती संथ, एवढंच ते माप पाहतं. या बँडच्या संगीतात खरोखर टिकून राहिलेली वस्तू वेगळी आहे. ती म्हणजे विलापाची एक सुरेल ओळ. ती ओळ कोणत्या अल्बमात कोण वाहतं आणि तिला किती जागा मिळते, हे पाहत सतरा अल्बम ओळीनं ऐकले, तर चढ-उताराचा हा नकाशा बराच बदलतो, आणि दरी म्हणून दाखवली जाणारी जागा दरी राहत नाही.

हा बँड ज्या शाखेचा, ती डूम मेटल म्हणजे काय, हे विलंबित ख्यालावर वाढलेल्या श्रोत्याला समजावणं खरं तर सोपं आहे. बाकीचं मेटल वेगाच्या मागे धावत असताना या शाखेनं लय उतरवली. तिचं मूळ १९७० च्या ब्लॅक सॅबथमध्ये. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली, पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून त्यांनी गिटार खालच्या स्वरात लावली, आणि त्या सैल तारांमधून एक जड, काळोखा नाद निघाला. डूमवाल्यांनी तो नाद घेतला आणि त्याची चाल आणखी मंद केली. लय उतरली की दोन ठोक्यांमधली जागा वाढते, आणि ती जागा कशानं तरी भरावी लागते. किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. त्या पाऊण मिनिटात गायकाकडे सांगण्यासारखं काही नसेल तर विलंबित लय म्हणजे नुसता कंटाळा. डूमलाही हाच नियम लागू आहे. संथपणा ही तिथे गुणवत्ता नसते, ती एक मोकळी करून ठेवलेली जागा असते. ती कशानं भरली, हा पुढचा प्रश्न, आणि मूल्यमापन तिथून सुरू व्हायला हवं. सुरेल डूम, म्हणजे ज्या उपशाखेत पॅराडाइज लॉस्ट मोडतो, तिचं उत्तर असं की ही जागा करुण रसाच्या एका लांब, ओढलेल्या सुरावटीनं भरायची.

बँड हॅलिफॅक्सचा. यॉर्कशरमधलं हे लोकर आणि गालिच्यांच्या गिरण्यांचं गाव. डीन क्लफ हा तिथला अवाढव्य गालिचा कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, म्हणजे मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडायला लागलं साधारण त्याच सुमारास. निक होम्स (गायन), ग्रेगर मॅकिंटॉश (मुख्य गिटार), अॅरन एडी (दुसरी गिटार) आणि स्टीव्हन एडमंडसन (बास) हे चौघं १९८८ पासून आजतागायत एकत्र आहेत, बदलत राहिले ते फक्त ड्रमर. कारकिर्दीच्या मूल्यमापनात याला फार महत्त्व आहे. माणसं तीच असल्यामुळे एखाद्या अल्बमाचा दोष किंवा गुण नव्या माणसाच्या नावावर टाकता येत नाही. सगळे बदल याच चौघांच्या निर्णयातून आलेले आहेत. १९९० चा ‘लॉस्ट पॅराडाइज’ हा पहिला अल्बम कच्चा आहे: डेथ मेटलचा ग्राउल, म्हणजे घशाच्या तळातून काढलेला शब्द चावणारा गुरगुराट, आणि त्याखाली जड रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या आखूड आकृती. त्यात काळोख भरपूर आहे, पण शोक जवळजवळ नाही. शोक आला तो १९९१ च्या ‘गॉथिक’मध्ये. शीर्षकगीतात मॅकिंटॉश यांची गिटार एडींच्या रिफवरून वेगळी होते आणि वर जाऊन एकाच तारेवर एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा म्हणू लागते. सारा मॅरियन यांचा स्त्रीस्वर येतो. पाठीमागे वाद्यवृंदाचा भास होतो. होम्स अजून गुरगुरतच आहेत, शब्द कळत नाहीत, पण कळण्याची गरज पडत नाही, कारण गाण्याचं काम गिटारनं उचललेलं आहे. पुढे गॉथिक मेटल या अख्ख्या शाखेला नाव मिळालं त्यात या अल्बमाचा वाटा मोठा होता. त्याचं ऐतिहासिक श्रेय सगळे देतात. त्यानं नेमकं काय शोधलं, इकडे मात्र कमी लक्ष जातं. गायकाच्या तोंडून विलाप काढून घेऊन तो वाद्याच्या हाती द्यायचा, ही त्याची मूळ कल्पना आहे, आणि पुढचे पंधरा अल्बम त्याच कल्पनेची वेगवेगळी विभागणी आहेत.

त्याच काळात पीसव्हिल याच लेबलवर ब्रॅडफर्डचा माय डाइंग ब्राइड आणि लिव्हरपूलचा अनॅथिमा हे दोन बँड उभे राहत होते, आणि तिघांचं नाव एकत्र घेतलं जातं. माय डाइंग ब्राइडनं शोकासाठी व्हायोलिन आणलं, अनॅथिमा पुढे मेटलच सोडून गेला. पॅराडाइज लॉस्टची वाट या दोन्हींच्या मधून जाते. १९९२ च्या ‘शेड्स ऑफ गॉड’मध्ये सुरावटी ढीगभर आहेत, पण एकीलाही वाढू दिलेलं नाही, एक ओळ रुजते न रुजते तोच दुसरा रिफ तिच्यावर येऊन पडतो. अपवाद शेवटच्या ‘अॅज आय डाय’चा, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच गाणं राहावं हा योगायोग म्हणता येणार नाही. १९९३ च्या ‘आयकॉन’मध्ये होम्स यांनी ग्राउल सोडला आणि खडबडीत, पण स्वरात लागणारा आवाज घेतला. यामुळे पहिल्यांदाच विलापाचे दोन वाहक झाले. ‘एम्बर्स फायर’मध्ये आवाज वर जातो तेव्हा गिटार मागे राहून उत्तर देते, गिटार पुढे येते तेव्हा आवाज थांबतो. सवाल-जबाबाचं हे नातं १९९५ च्या ‘ड्रॅकोनियन टाइम्स’मध्ये पूर्ण घोटीव झालं. ‘एन्चँटमेंट’ची पियानोची सुरुवात, ‘फॉरएव्हर फेल्युअर’चा खचलेला ठेका, ‘हॅलोड लँड’मधली गिटारची चढती ओळ, यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. तरीही दोघांतला श्रेष्ठ अल्बम माझ्या मते ‘आयकॉन’च. ‘ड्रॅकोनियन टाइम्स’मध्ये बँडला आपण काय करतो आहोत हे नेमकं कळलेलं आहे, ‘आयकॉन’मध्ये ते अजून शोधलं जातंय, त्यामुळे ओळींच्या कडा बोथट झालेल्या नाहीत. शोकाच्या संगीताला अति सफाईचा एक धोका असतो: दुःख सुबक होतं आणि सुबक दुःख फार काळ बोचत नाही.

आता १९९७ आणि १९९९. ‘वन सेकंड’मध्ये कीबोर्ड पुढे आले, गिटार पातळ झाली, होम्स साधं गाऊ लागले. दोन वर्षांनी ‘होस्ट’ आला आणि मेटल श्रोत्यांना तो सहन झाला नाही. ईएमआयसारखी बलाढ्य कंपनी, डेपेश मोडसोबत काम केलेले निर्माते स्टीव्ह लायन, सिंथेसायझर, तंतुवाद्यं, आणि गिटार इतकी प्रक्रिया केलेली की ती गिटार आहे हेसुद्धा ओळखू येऊ नये. आवाजाच्या जडपणाचं माप लावलं तर निकाल लागलाच: हा मेटलचा अल्बम नव्हे. पण विलापाच्या ओळीचं माप लावून ‘होस्ट’ ऐकला तर काय सापडतं? ‘सो मच इज लॉस्ट’मध्ये तंतुवाद्यांची जी फिरून फिरून येणारी आकृती आहे ती घडणीनं मॅकिंटॉश यांच्या गिटारचीच आहे. तीच अर्ध्या वाटेवर थांबणारी चाल, तोच खाली घसरणारा शेवट, फक्त ती वाजवणारं वाद्य बदललं. ‘इट्स टू लेट’ किंवा ‘हार्बर’मध्ये होम्स यांचा आवाज मंद्रात राहतो आणि जवळजवळ निर्विकारपणे ती ओळ पुढे नेतो. ‘गॉथिक’मध्ये गायकाकडून काढून वाद्याला दिलेला विलाप आठ वर्षांनी पुन्हा मुख्यतः गायकाकडे आलेला आहे. विभागणी बदलली, द्रव्य तेच राहिलं. ओळीला मोकळी जागाही इथे पुरेशी आहे, कारण डिस्टॉर्शनची, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या नादाची, भिंत काढल्यामुळे आवाजाभोवती शांतता उरते. ‘होस्ट’ हा या बँडच्या सर्वांत खिन्न अल्बमांपैकी एक आहे, आणि ही खिन्नता त्यानं मेटलच्या एकाही हत्याराविना उभी केली आहे.

हा दावा नुसत्या आवडीवर उभा नाही, आणि त्याची परीक्षा घेण्याची सोयही बँडनंच करून ठेवली आहे. २००१ मध्ये ‘बिलीव्ह इन नथिंग’ आला. माणसं तीच, कंपनी तीच, अंतर जेमतेम दोन वर्षांचं. ठळकपणे बदललं ते हे की गिटार पुन्हा आणली गेली. जडपणाचं माप खरं असेल तर हा अल्बम ‘होस्ट’पेक्षा सरस ठरायला हवा. तो तसा नाही, आणि कट्टर मेटलवालेही त्याला फारसं कवटाळत नाहीत. कारण गिटार परतली, तरी ती विलापाची ओळ न वाजवता नुसता भराव घालते. ठरावीक वजनाचे, ठरावीक लांबीचे रिफ. त्यांच्यावर होम्स यांच्या सुरावटी ‘माउथ’सारख्या अभावितपणे चांगल्या गाण्यांत तग धरतात आणि बाकी ठिकाणी दबून जातात. २०१८ मध्ये या अल्बमाचं नव्यानं मिश्रण करून तो पुन्हा प्रसिद्ध केला गेला. नाद स्वच्छ झाला, ड्रम उठून आले, तरी गाण्यांचं पोकळपण झाकलं गेलं नाही. दोष मिश्रणात असता तर तो मिश्रणानं गेला असता. २००२ चा ‘सिम्बॉल ऑफ लाइफ’ आणखी जड आहे, ‘इरेज्ड’सारखं ठोस गाणं त्यात आहे, पण त्याची अडचण तीच. म्हणजे १९९९ ते २००२ या तीन अल्बमांत जडपणा पायरीपायरीनं वाढत जातो आणि शोक पायरीपायरीनं कमी होतो. दोन गोष्टी उलट दिशांना चालत असतील, तर एकीवरून दुसरी मोजता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप हेतूचा. ‘होस्ट’ बाजारासाठी केला, मोठ्या कंपनीच्या पैशासाठी केला, केस कापून रेडिओवर जाण्यासाठी केला, असं म्हटलं जातं. धरून चालू की हेतूत थोडी मिसळ होती. पण १९९९ मध्ये या बँडला पैसा मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता होता? ‘ड्रॅकोनियन टाइम्स’ची दुसरी, तिसरी, चौथी आवृत्ती काढणं. श्रोतावर्ग तयार होता, नाव झालं होतं. तो सोडून असलेल्या श्रोत्यांना दुखावणारा आणि नवे मिळतील याची शाश्वती नसलेला अल्बम काढणं, याला हिशेबी चाल म्हणणं कठीण आहे. शिवाय बाजार आणि अस्सलपणा यांचं इतकं सोपं वैर महाराष्ट्रातल्या श्रोत्यानं तरी मानू नये. संगीत नाटक तिकिटावर चालत होतं. पदांना वन्समोअर मिळावा म्हणून चाली घडत होत्या, प्रेक्षकांची नाडी पाहून त्या लांबत होत्या, आणि त्याच धंद्यातून भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचं गाणं निघालं. हेतू कलावंताच्या मनात असतो आणि निकाल आपल्याला त्याच्या सुरांवर द्यायचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो उडवून लावता येत नाही. शैली म्हणजे श्रोत्याशी केलेला करार, असं तो म्हणतो. डूम म्हणून एखादा बँड ऐकायला येणाऱ्याला संथपणा आणि भार अपेक्षित असतो; तो काढून घेतला तर जे उरतं ते चांगलं असेलही, पण ते दुसरं काही आहे, आणि त्याचं मोल दुसऱ्या खात्यात लिहावं. घराण्याच्या शिस्तीवर वाढलेल्या पुणेकर श्रोत्याला हा युक्तिवाद लगेच पटेल. किशोरी आमोणकरांनी जयपूर घराण्याची लय उतरवली, आलाप लांबवला, आवर्तनाच्या काटेकोर बांधणीपेक्षा रागाच्या भावाला वर ठेवलं, तेव्हा त्यांच्यावर आलेला आक्षेप अगदी हाच होता: हे सुंदर असेल, पण हे जयपूर नव्हे. आज मागे वळून पाहिलं तर दिसतं की आई मोगूबाईंकडून आलेली रागांची दृष्टी, अनवट रागांकडचा ओढा, स्वराला स्वर जोडण्याची ती अखंड वीण किशोरीताईंनी सोडली नव्हती. घराण्याची खूण कशात आहे, याविषयीच दोन मतं होती. एक पक्ष ती लयीच्या आणि तानांच्या बांधणीत पाहत होता, दुसरा स्वराच्या वागणुकीत. पॅराडाइज लॉस्टबाबतही वाद याच जागी आहे. करार मान्य; पण करारात नेमकं काय लिहिलं होतं? ‘गॉथिक’नं १९९१ मध्ये स्त्रीस्वर आणि वाद्यवृंद आणला तेव्हा डेथ मेटलचा तेव्हाचा करार मोडलाच होता. ज्या अल्बमाच्या नावानं पुढच्या अल्बमांना दोष दिला जातो तो स्वतः एका उल्लंघनातून जन्मला आहे. त्यामुळे मूळ करार म्हणून शैलीतला कोणता क्षण धरायचा हे आक्षेप घेणाऱ्यानं आधी सांगायला हवं, आणि तो क्षण बहुधा ज्यानं त्यानं बँड पहिल्यांदा ऐकला त्या वर्षाशी जुळतो.

स्वीडनच्या ओपेथबाबत हेच घडलं. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून त्यांनी ग्राउल सोडला, आणि २०१९ च्या अखेरीस एनएच७ वीकेंडरमध्ये ते पुण्यात वाजवून गेले तोपर्यंत त्यांच्या चाहत्यांत उभी फूट पडलेली होती. २०२४ च्या अल्बमात ग्राउल परत आला आणि अनेकांना सुटल्यासारखं वाटलं. पण मधल्या चार अल्बमांचं काय? एखाद्या वस्तूच्या असण्या-नसण्यावर निकाल दिला की ती नसतानाच्या काळात काय घडलं, हे ऐकायचंच राहून जातं.

पॅराडाइज लॉस्टच्या परतीकडे आता येऊ. २००५ चा बँडच्या नावाचा अल्बम आणि २००७ चा ‘इन रेक्विएम’ यांत मॅकिंटॉश यांची गिटार पुन्हा गाऊ लागते. २००९ च्या ‘फेथ डिव्हाइड्स अस – डेथ युनाइट्स अस’मध्ये ती पूर्ण गळ्यानं गाते, शीर्षकगीत हे त्यांच्या नंतरच्या काळातल्या सर्वोत्तम रचनांपैकी आहे, कारण त्यात आवाज आणि गिटार यांचं ‘आयकॉन’मधलं नातं अधिक संयमानं परत आलं आहे. २०१२ चा ‘ट्रॅजिक आयडल’ चोख आहे, पण तो सुरक्षित वाटेनं चालतो. दरम्यान वडिलांच्या निधनानंतर मॅकिंटॉश यांनी व्हॅलेनफायर नावाचा वेगळा, अतिशय कडवट डेथ मेटल बँड काढला होता, आणि होम्स २०१४ मध्ये स्वीडनच्या ब्लडबाथमध्ये जाऊन पुन्हा गुरगुरू लागले होते. या दोन बाजूच्या वाटांचा परिणाम २०१५ च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये दिसतो. वीसएक वर्षांनी ग्राउल परतला, आणि तो परतला म्हणूनच अल्बम गाजला. अल्बम खरोखर उत्तम आहे, पण ग्राउलमुळे नव्हे. ‘बिनीथ ब्रोकन अर्थ’ हे त्यांच्या कारकिर्दीतलं बहुधा सर्वांत संथ गाणं. त्यात ड्रमचे ठोके इतके लांब लांब पडतात की मधल्या जागेत गिटारला एक वाक्य पूर्ण बोलायला अवकाश मिळतो, आणि ती ते बोलते. ‘अॅन इटर्निटी ऑफ लाइज’मध्ये साधा आवाज आणि ग्राउल एकाच ओळीच्या दोन टोकांवर उभे आहेत. पहिल्यांदाच विलापाला तीन वाहक मिळाले आहेत.

म्हणूनच पुढच्या दोन अल्बमांची तुलना बोधक ठरते. २०१७ चा ‘मेड्युसा’ जवळजवळ सगळा ग्राउलमध्ये आहे, आणि आठ-साडेआठ मिनिटांच्या ‘फिअरलेस स्काय’पासून तो चिखलातून पाय ओढत चालल्यासारखा पुढे सरकतो. परतीच्या गोष्टीनुसार हा विजयाचा क्षण: बँड सर्वांत जड, सर्वांत संथ, सर्वांत ‘मूळ’. मला तो त्या दशकातला सर्वांत गरीब अल्बम वाटतो. ‘द लाँगेस्ट विंटर’ सोडलं तर गिटारची ओळ रिफच्या अंगालाच चिकटून चालते, वर उठत नाही. संथपणानं मोकळी केलेली जागा रिकामीच राहते. २०२० च्या ‘ऑब्सिडियन’मध्ये बँडनं पुन्हा मिसळ केली: ‘डार्कर थॉट्स’ची साध्या गिटारची आणि हळव्या आवाजाची सुरुवात, मग अचानक कोसळणारा भार, ‘घोस्ट्स’मधला नाचता ऐंशीच्या दशकातला ठेका. जडपणाच्या पट्टीवर हा ‘मेड्युसा’च्या खाली आहे आणि शोकाच्या पट्टीवर बराच वर. २००१ मध्ये जे दिसलं तेच २०१७ मध्ये दिसतं, फक्त दुसऱ्या बाजूनं. तेव्हा गिटार परत आणल्यानं ओळ परत आली नाही. आता ग्राउल आणि संथपणा परत आणल्यानंही ती आपोआप येत नाही.

‘पण बँडनंच मेटलकडे परत येऊन आपली चूक कबूल केली ना?’ असा तिसरा आक्षेप उरतो. परतणं म्हणजे कबुली, हे गृहीतच तपासायला हवं. कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांत शिरून, निर्गुणी भजनांत जाऊन पुन्हा ख्यालाच्या बंदिशी गायल्या, म्हणून आधीचा प्रवास भरकटणं ठरत नाही; पुढच्या ख्यालात तो मुरलेला असतो. पॅराडाइज लॉस्टबाबत तर पुरावा समोरच आहे. २०२३ मध्ये होम्स आणि मॅकिंटॉश यांनी ‘होस्ट’ याच नावानं दोघांचा वेगळा प्रकल्प काढला आणि ‘नाइन’ हा सिंथेसायझरवर उभा अल्बम दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस बँडनं ‘आयकॉन’ अख्खा पुन्हा ध्वनिमुद्रित केला. ज्या अल्बमाची लाज वाटते त्याचं नाव कुणी नव्या कामाला देत नाही. त्यांच्या दृष्टीनं १९९३ आणि १९९९ या एकमेकांना खोडणाऱ्या तारखा नाहीत, आणि श्रोत्यानं त्या तशा मानाव्यात याचं काही कारण मला दिसत नाही.

एक शंका या मापाबद्दलही घ्यायला हवी. करुण रस, विलंबित, घराणं ही भाषा गिटारच्या संगीताला लावणं म्हणजे आपला चष्मा दुसऱ्याच्या डोळ्यांवर चढवणं नव्हे का? काही अंशी आहे. ख्यालात सगळा भार एका गळ्यावर असतो. इथे एडींच्या गिटारचा खालून येणारा सलग भार नसेल तर मॅकिंटॉश यांची वरची ओळ अधांतरी लोंबकळेल. रागसंगीतात नसलेली स्वरमेळाची हालचाल इथे अर्ध काम करते: वरची सुरावट तीच राहते आणि खालचा मेळ बदलल्यामुळे तिचा रंग उतरतो. हे रागाच्या परिभाषेत पकडता येत नाही आणि पकडण्याचा आग्रहही नको. त्या परंपरेकडून मी फक्त एक प्रश्न उसना घेतला आहे: मोकळी केलेली जागा कशानं भरली? मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनला हाच प्रश्न न विचारल्यामुळे त्यांच्याविषयीची चर्चाही दुसऱ्याच मापावर अडकलेली दिसते. साहिल मखिजा यांनी २००० मध्ये काढलेला हा बँड डूमचा नव्हे, वेगवान आणि वाद्यवृंदी थाटाच्या मेटलचा. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, ‘द रिटर्न टू डार्कनेस’, ‘द डीमन किंग’ असे अल्बम काढून २०१७ मध्ये ते ‘दशावतार’वर आले, दहा अवतारांवर दहा गाणी. लगेच प्रश्न आला तो ‘हे किती भारतीय?’ असा. जडपणाची पट्टी गेली आणि तिच्या जागी देशीपणाची आली. महाराष्ट्रात जुन्या चित्रांत आणि पंचांगांत नववा अवतार म्हणून विठ्ठल दिसतो, बँडनं तिथे बुद्ध घेतला. अशा गोष्टींवर चर्चा करणं रंजक आहे, पण गाणं म्हणून ते नववं गाणं आधीच्या आठांनंतर काय नवं मागतं आणि काय देतं, हे त्यातून कळत नाही. विषय देशी असल्यानं संगीत मोठं होत नाही आणि परका असल्यानं लहानही.

राहता राहिला सप्टेंबर २०२५ चा ‘असेन्शन’. निर्मितीही मॅकिंटॉश यांनी स्वतःच केली आहे, आणि ते ऐकू येतं: मुख्य गिटार मिश्रणात इतकी पुढे आणि इतकी बोलकी गेल्या अनेक वर्षांत नव्हती. ‘सर्पंट ऑन द क्रॉस’मध्ये होम्स गुरगुरतात, ‘टायरंट्स सेरेनेड’मध्ये खडबडीत गातात, ‘ले अ रीथ अपॉन द वर्ल्ड’मध्ये आवाज पार खाली उतरतो, आणि तिन्ही ठिकाणी गिटारची ओळ त्यांच्या आवाजाला ओलांडून पुढे जाते. हा ‘आयकॉन’इतका धारदार अल्बम नाही, काही गाणी आधीच्या गाण्यांची आठवण जरा जास्तच करून देतात, आणि मधला भाग सैल पडतो. पण याला पुन्हा ‘मूळ घरी परतणं’ म्हणून शाबासकी देण्याआधी तो ‘होस्ट’च्या लगेच नंतर लावून ऐकावा. पहिल्यात तंतुवाद्यं आणि मंद्रातला आवाज जी अर्ध्यावर थांबून खाली घसरणारी सुरावट म्हणतात, दुसऱ्यात ती पन्नाशी ओलांडलेल्या त्याच माणसाची गिटार म्हणते आहे.